पाच टक्के कशाचे? निर्बंध शिथिल करण्याचा वाद आणि आपला सिनॉप्सिस

‘कोविड-१९ टाळेबंदीचा सिन्नर तालुक्यावर झालेला परिणाम : एक चिकित्सक अभ्यास.’ तालुक्याचं नाव बदला, ‘परिणाम’ काढून ‘आव्हाने व संधी’ घाला, पण या साच्यातलं एखादं शीर्षक पेटची तयारी करणाऱ्या बऱ्याच जणांच्या वहीत लिहिलेलं असतं. विषय वाईट नाही. उलट आपल्या पिढीनं डोळ्यांनी पाहिलेला, भरपूर कागदपत्रं मागं सोडून गेलेला असा दुसरा विषय सापडणं अवघड आहे. अडचण आहे ती ‘चिकित्सक’ या शब्दाची. शीर्षकात तो असतो आणि आत कुठंच नसतो. आत असतात वर्तमानपत्रातली दोन बाजूंची कात्रणं. एकीकडं ‘उघडा’ म्हणणारे, दुसरीकडं ‘थांबा’ म्हणणारे, आणि शेवटी ‘दोन्हींचा समतोल साधणे गरजेचे आहे’ हे वाक्य.

हे वाक्य खोडायला सांगणारा लेख आहे हा. निर्बंध शिथिल करण्यावरून महाराष्ट्रात २०२० आणि २०२१ मध्ये जो जाहीर वाद झाला, त्यावर माझी टीका आहे. ती कुठल्या एका पक्षावर नाही. सगळे मिळून ज्या प्रश्नावर भांडत होतो तो प्रश्नच अपुरा होता, असं माझं म्हणणं आहे. आणि संशोधनाला बसताना तुम्ही तोच अपुरा प्रश्न उचललात, तर तीन-चार वर्षं घालूनही हाती कात्रणंच राहतील.

भांडण कशावरून होतं?

आधी तारखा नीट लावून घेऊ. एप्रिल २०२० मध्ये पंतप्रधानांनी ‘जान भी, जहान भी’ म्हटलं आणि तिथून वादाचा साचा पडला : जीव की पोट. राज्यानं ३१ मे २०२० च्या आदेशानं ‘मिशन बिगिन अगेन’ सुरू केलं. ५ ऑक्टोबर २०२० पासून रेस्टॉरंट आणि बार निम्म्या क्षमतेनं उघडले, देवळं मात्र बंद राहिली. मग १२ ऑक्टोबरला राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांचं मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांना ते गाजलेलं पत्र गेलं, त्याला उत्तरही आलं, आणि दिवाळीच्या पाडव्याला, १६ नोव्हेंबर २०२० रोजी प्रार्थनास्थळं उघडली. दुसऱ्या लाटेत एप्रिल २०२१ पासून पुन्हा ‘ब्रेक द चेन’. देवळं परत बंद, परत आंदोलनं, आणि ७ ऑक्टोबर २०२१ ला, घटस्थापनेच्या दिवशी, परत उघडली. त्याच आठवड्यात ४ ऑक्टोबरला शाळा सुरू झाल्या होत्या.

या सगळ्या काळातल्या बातम्या ओळीनं वाचून काढा. तुम्हाला दिसेल की वाद जवळजवळ कायम ‘काय’ आणि ‘किती वाजेपर्यंत’ यावर होता. बार आधी की देऊळ आधी? दुकान चारला बंद करायचं की आठला? शनिवार-रविवारचं काय? हे प्रश्न खोटे नव्हते. ज्याचं शटर खाली आहे त्याला दुसरा प्रश्न सुचणार तरी कसा? पण जून २०२१ नंतर ‘काय’ आणि ‘किती वाजेपर्यंत’ या दोन्हींची उत्तरं एका आकड्यातून निघत होती. तो आकडा कसा तयार होतो, कोणाच्या नावावर लागतो, यावर भांडण क्वचितच झालं. म्हणजे निर्णय जिथं होत होता तिथं गर्दी नव्हती, आणि गर्दी होती तिथं निर्णय होत नव्हता.

४ जूनचा तक्ता

३ जून २०२१ ला तत्कालीन मदत व पुनर्वसन मंत्री विजय वडेट्टीवार यांनी पाच टप्प्यांत अनलॉक होणार असं जाहीर केलं. पहिल्या टप्प्यातल्या, म्हणजे जवळपास सगळं उघडणाऱ्या १८ जिल्ह्यांत नाशिकचंही नाव होतं. काही तासांत सरकारकडून खुलासा आला : प्रस्ताव विचाराधीन आहे, निर्णय झालेला नाही. दुसऱ्या दिवशी, ४ जूनला, प्रत्यक्ष आदेश निघाला आणि तो ७ जूनपासून लागू झाला. नाशिक त्यात तिसऱ्या स्तरावर आलं. दुकानं दुपारी चारपर्यंत, आणि शनिवार-रविवार फक्त अत्यावश्यक.

बातम्यांमध्ये या प्रसंगाला ‘गोंधळ’ म्हटलं गेलं आणि सगळी चर्चा मंत्र्यांच्या घाईवर गेली. संशोधक म्हणून आपण घाईपाशी थांबायचं नाही. आदेशातला तक्ता उघडायचा.

पहिला स्तर : बाधितांचं प्रमाण ५ टक्क्यांपेक्षा कमी आणि ऑक्सिजन खाटा २५ टक्क्यांपेक्षा कमी भरलेल्या. दुसरा : प्रमाण ५ टक्क्यांपेक्षा कमी आणि खाटा २५ ते ४० टक्के भरलेल्या. तिसरा : प्रमाण ५ ते १० टक्के किंवा खाटा ४० टक्क्यांहून जास्त भरलेल्या. चौथा : १० ते २० टक्के किंवा खाटा ६० टक्क्यांहून जास्त. पाचवा : २० टक्क्यांहून जास्त किंवा खाटा ७५ टक्क्यांहून जास्त.

आता फक्त ‘आणि’ व ‘किंवा’ या दोन शब्दांवर बोट ठेवा. मोकळं व्हायचं तर दोन्ही अटी पुऱ्या व्हायला हव्यात, अडकायला मात्र एक पुरे. खाटा रिकाम्या असूनही नुसतं प्रमाण ५ च्या वर असेल तर तुम्ही तिसऱ्या स्तरावर. म्हणजे चूक झालीच तर ती सावधगिरीच्या बाजूनं व्हावी, असा निवाडा या तक्त्यात आधीच केलेला आहे. तो योग्य असेलही. दुसऱ्या लाटेत ऑक्सिजनसाठी वणवण पाहिलेल्या आणि २१ एप्रिल २०२१ ला डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयातली ऑक्सिजन गळती अनुभवलेल्या नाशिक जिल्ह्यात तर त्याला विरोध करणं सोपं नाही. पण तो निवाडा आहे, मोजमाप नाही. जाहीर वादात दोन्ही बाजू ‘आकडे सांगतील तसं’ म्हणत होत्या. आकडे स्वतःहून काही सांगत नसतात. त्यांच्यामध्ये ‘आणि’ घालायचं की ‘किंवा’, हे कुणीतरी माणूस ठरवतो.

श्रेय द्यायचं तिथं देऊ. आधीच्या सरसकट आदेशांपेक्षा हा तक्ता कितीतरी बरा होता. निकष आधी जाहीर झाले होते, दोन वेगळी परिमाणं होती, दर आठवड्याला फेरविचार होता. नियम लिखित असल्यामुळेच आज आपण त्याच्यावर टीका करू शकतो. साहेबांच्या मनात काय आलं यावर टीका करता येत नाही. टीका करताना समोरच्या गोष्टीचं बळ आधी नोंदवायचं, ही सवय सिनॉप्सिसपासूनच लावून घ्या.

अंश सगळ्यांनी पाहिला, छेद कुणी पाहिला?

बाधितांचं प्रमाण म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्या चाचण्या भागिले एकूण चाचण्या. शाळेतला अपूर्णांक. वर अंश, खाली छेद. अंश रोगावर अवलंबून असतो, छेद माणसांनी घेतलेल्या निर्णयावर.

एक कल्पित उदाहरण घ्या. एका भागात आठवड्यात १,००० चाचण्या झाल्या, सगळ्या ताप-खोकला असलेल्यांच्या. ८० पॉझिटिव्ह. प्रमाण ८ टक्के, तिसरा स्तर. पुढच्या आठवड्यात तितकेच आजारी लोक आले, १,००० पैकी ८०. पण सोबत एका औद्योगिक वसाहतीच्या गेटवर लक्षणं नसलेल्या १,००० कामगारांचीही चाचणी झाली, त्यात १० सापडले. आता २,००० पैकी ९०, म्हणजे ४.५ टक्के. रुग्ण १० ने वाढले आणि प्रमाण पाचाच्या खाली आलं! खाटा रिकाम्या असतील तर भाग तिसऱ्या स्तरावरून थेट पहिल्यावर.

यात कुणी लबाडी केली असं समजू नका. गेटवर चाचण्या करणं चांगलंच काम आहे. मुद्दा एवढाच की एकाच आकड्याला दोन कामं दिली होती. साथ किती पसरली आहे हे सांगायचं, आणि दुकान किती वाजता बंद होणार हेही ठरवायचं. मोजमापालाच लक्ष्य बनवलं की ते मोजमाप म्हणून निकामी होतं, ही गोष्ट ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांच्या नावानं ओळखली जाते. त्यांनी ती १९७५ मध्ये पैशाच्या पुरवठ्याबद्दल मांडली. पुढं मानववंशशास्त्रज्ञ मेरिलिन स्ट्रॅदर्न यांनी तिला आज सगळीकडं वापरला जाणारा सुटसुटीत रूप दिलं. नेटच्या पेपरासाठी व्याख्या पाठ करायची असेल तर जरूर करा, पण उदाहरण मात्र हे लिहा.

आणखी एक. ही ५ टक्क्यांची रेघ आली कुठून? जागतिक आरोग्य संघटनेनं मे २०२० मध्ये निर्बंध शिथिल करण्यासाठी सुचवलेल्या निकषांत ती होती. किमान दोन आठवडे प्रमाण ५ टक्क्यांच्या खाली असावं. पण त्या रेघेला एक शेपूट होतं : चाचण्या पुरेशा व्यापक असल्या पाहिजेत, साधारण आठवड्याला दर हजार लोकसंख्येमागं एक या पातळीच्या. आपल्या तक्त्यात ५ आलं, शेपूट राहून गेलं. स्तर ठरवणाऱ्या रकान्यांत चाचण्यांच्या किमान संख्येचा रकाना नव्हता. संकल्पना एका ठिकाणाहून दुसरीकडं जाताना तिच्या अटी वाटेत गळून पडतात, हे संशोधनात वारंवार दिसतं. तुमच्या संदर्भ साहित्याच्या आढाव्यात जिथं जिथं असा ‘प्रसिद्ध आकडा’ येईल, तिथं मूळ ठिकाणी जाऊन त्याचं शेपूट शोधा.

आणि मग २५ जून २०२१. डेल्टा प्लसच्या भीतीनं राज्यानं सांगितलं की आता कुठलाही भाग तिसऱ्या स्तराच्या खाली जाणार नाही, आणि प्रमाण फक्त आरटी-पीसीआर चाचण्यांवरून काढायचं. झटपट अँटिजेन चाचण्या हिशेबातून बाहेर. बातम्यांचा भर पहिल्या भागावर राहिला, कारण शटर त्यानं खाली आलं. आपल्या दृष्टीनं दुसरा भाग तितकाच मोठा आहे. त्या तारखेला मोजपट्टीच बदलली. २५ जूनच्या आधीचा आणि नंतरचा आकडा एकाच आलेखात एकाच रेषेनं जोडला, तर ती रेषा खोटं बोलेल. एक्सेलमध्ये आलेख काढणं पाच मिनिटांचं काम आहे. त्यावर उभी तुटक रेघ मारून ‘इथं व्याख्या बदलली’ असं लिहायला मात्र आदेश वाचावा लागतो.

सिन्नर कुणाच्या सरासरीत?

तक्त्यानंतरचा प्रश्न : हा आकडा कोणत्या भूभागाचा? आदेशात १० लाखांहून जास्त लोकसंख्येच्या महानगरपालिका वेगळ्या एकक मानल्या होत्या, जनगणना २०११ ची. नाशिक महापालिका त्यात बसत होती. म्हणजे नाशिक शहर एक एकक, आणि शहर सोडून उरलेला अख्खा जिल्हा दुसरं एकक. मालेगाव महापालिकाही त्या उरलेल्यातच. सिन्नरही. सुरगाणा, पेठसारखे आदिवासी तालुकेही.

एकाच एककात काय काय आलं बघा. पश्चिमेच्या डोंगरात विखुरलेले पाडे, मालेगावातली यंत्रमागांची दाट वस्ती, आणि माळेगाव एमआयडीसी व मुसळगावच्या सहकारी औद्योगिक वसाहतीमुळं रोज शिफ्टनं हलणारं सिन्नर. या सगळ्यांची सरासरी काढून सगळ्यांना एकच वेळ.

पुन्हा कल्पित आकडे. उरलेल्या जिल्ह्यात १०,००० चाचण्या, ४५० पॉझिटिव्ह, प्रमाण ४.५ टक्के. त्यातल्या एका तालुक्यात ८०० चाचण्या, ९६ पॉझिटिव्ह, म्हणजे १२ टक्के. तो तालुका एकटा असता तर चौथ्या स्तरावर गेला असता. जिल्ह्याच्या सरासरीत तो पहिल्या स्तराला पात्र ठरतो. उलटही होऊ शकतं. एका दाट वस्तीमुळं सरासरी वर गेली आणि जिथं आठवडाभर एकही रुग्ण नाही अशा पाड्यावरचं दुकानही चारला बंद. गटाच्या आकड्यावरून गटातल्या घटकाबद्दल निष्कर्ष काढण्यातला हा धोका डब्ल्यू. एस. रॉबिन्सन यांनी १९५० मध्येच दाखवून दिला होता.

खाटांचं तर आणखी गमतीशीर आहे. खाट जिथं हॉस्पिटल तिथं मोजली जाते. सिन्नरचा, दिंडोरीचा गंभीर रुग्ण नाशिक शहरातल्या दवाखान्यात जातो. म्हणजे आजार ग्रामीण भागातला आणि भरलेली खाट शहराच्या हिशेबात. ग्रामीण एककाच्या खाटा रिकाम्या दिसल्या, तर त्याचा अर्थ साथ ओसरली असाच होईल का? की तिथं खाटाच कमी आहेत आणि लोक शहराकडं जातात असाही? तुमच्या प्रश्नावलीत ‘उपचार कुठं घेतले’ हा रकाना नसेल तर हे कधीच कळणार नाही.

मग एकक लहान करावं का? इथं घाई करू नका. लहान एककाला स्वतःचे रोग असतात. एखाद्या गावात आठवड्याला २० चाचण्या झाल्या आणि एक पॉझिटिव्ह आला तर ५ टक्के, दोन आले तर १० टक्के. एका माणसाच्या निकालावर गावाचं शटर वरखाली. शेजारच्या तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यानं ऑक्टोबर २०२१ मध्ये हा मार्ग घेऊन पाहिला. ४ ते १३ ऑक्टोबर या काळात ६१ गावांमध्ये कडक निर्बंध लावले, त्यांत संगमनेर तालुक्यातली गावं सगळ्यात जास्त. निवड सक्रिय रुग्णांच्या संख्येवरून, प्रमाणावरून नाही. म्हणजे लहान गावाच्या छेदाची अडचण टळली, पण आठशे वस्तीच्या आणि पंधरा हजार वस्तीच्या गावाला तोच आकडा लागला. शिवाय आपलं नाव यादीत आलं तर गाव बंद होणार हे कळल्यावर अंगावर ताप काढणारे किती वाढतात, हाही प्रश्न आहेच. बाकी राज्यात शाळा आणि देवळं उघडत होती त्याच आठवड्यात ही गावं बंद होती, हे लक्षात घ्या. ‘महाराष्ट्र अनलॉक झाला’ हे वाक्य लिहिताना कोणत्या गावातून लिहितोय ते सांगावं लागतं.

एकक बदलून घेता येतं, हेही त्या काळात दिसलं. २ ऑगस्ट २०२१ च्या आदेशात पुणे जिल्हा निर्बंध कायम राहिलेल्या ११ जिल्ह्यांत होता. पुण्यातल्या व्यापाऱ्यांनी जाहीर विरोध केला. ८ ऑगस्टला पालकमंत्री अजित पवार यांनी पुणे आणि पिंपरी-चिंचवड शहरांसाठी शिथिलता जाहीर केली, ग्रामीण भाग मात्र मागंच राहिला. शहरांचं प्रमाण कमी होतं, त्यामुळं निर्णयाला आधार होता. तरी आपण विचारायचं : तालुक्याच्या गावानं, एखाद्या बाजारपेठेनं असंच एकक वेगळं काढून मागितलं असतं तर त्याच्याकडं स्वतःचा आकडा होता का? तो सहा दिवसांत कुणी ऐकला असता का? एकक ठरवणं हे राजकारण आहे, आणि जाहीर वादानं ते भूगोल म्हणून सोडून दिलं.

सिन्नर आणि संगमनेर : मोह आवरा

आता पद्धतीच्या पेपरात तुम्ही शिकलेल्या ‘नैसर्गिक प्रयोगा’कडं येऊ. त्याच २ ऑगस्टच्या आदेशात नाशिक शिथिल झालेल्या २२ जिल्ह्यांत होतं, अहमदनगर ११ मध्ये. म्हणजे ३ ऑगस्टपासून सिन्नरची दुकानं रात्री आठपर्यंत उघडी आणि नाशिक-पुणे महामार्गानं नांदूर शिंगोटे ओलांडून पुढं गेलं की संगमनेर तालुक्यातली दुपारी चारला बंद. माती तीच, कांदा तोच, सोयरिकी एकमेकांत. मध्ये फक्त जिल्ह्याची हद्द. संशोधकाच्या तोंडाला पाणी सुटावं अशी परिस्थिती! दोन्हीकडचे रुग्ण मोजा, फरक काढा, शिथिलतेचा परिणाम सापडला. असंच ना?

चार कारणांनी नाही.

एक, दोन्ही बाजू आधीपासूनच सारख्या नव्हत्या. अहमदनगर मागं राहिलं तेच रुग्ण जास्त होते म्हणून. आजारामुळं निर्बंध ठरले आणि आपण निर्बंधांमुळं आजार ठरला का ते तपासतोय. कारण आणि कार्य गोल फिरतात.

दोन, हद्दीवर भिंत नसते. संगमनेरकडचं दुकान चारला बंद झालं तर हद्दीजवळचा गिऱ्हाईक मोटारसायकल काढून इकडं येतो. मग ‘निर्बंध असलेला’ माणूस ‘निर्बंध नसलेल्या’ बाजारात. तुलना तिथंच गढूळ झाली.

तीन, काळ. १५ ऑगस्टपासून राज्यभरच दुकानांची वेळ रात्री दहापर्यंत गेली. म्हणजे फरक टिकला जेमतेम १२ दिवस. लागण होणं, लक्षणं दिसणं, चाचणी करणं, निकाल येणं यातच त्यातला बराचसा वेळ जातो.

चार, कागदावरची वेळ आणि प्रत्यक्षातली वेळ. अर्धं शटर खाली करून मागल्या दारानं चाललेला धंदा कुठल्याच तक्त्यात नाही.

म्हणून पाच टक्क्यांच्या रेघेच्या अलीकडचे आणि पलीकडचे जिल्हे घेऊन तुलना करण्याचा, सांख्यिकीत फार लोकप्रिय असलेला मार्गही इथं जपून वापरावा लागेल. त्या पद्धतीची पहिली अट अशी की रेघेच्या कुठल्या बाजूला पडायचं हे कुणाच्या हातात नसावं. छेद हातात होता, हे आपण वर पाहिलंच. शिवाय एककं मोजकीच, त्यातली रेघेजवळची आणखी कमी, आणि स्तर एका आकड्यावर नाही तर दोन आकड्यांवर ठरणारा.

मग सिन्नर-संगमनेर सोडून द्यायचं? मुळीच नाही. प्रश्न बदला. ‘शिथिलतेमुळं रुग्ण वाढले का’ याचं उत्तर तिथं मिळणार नाही. ‘हद्दीवरच्या दुकानदारांनी आणि गिऱ्हाइकांनी दोन नियमांमध्ये कसा मार्ग काढला’ याचं मिळेल, आणि ते तुमच्याइतकं चांगलं दुसरं कुणी मिळवू शकणार नाही.

जिचं शटरच नाही ती

सगळ्यात मोठी टीका शेवटी ठेवली आहे. ‘उघडा की बंद ठेवा’ या वादात बोलायला तुमच्याकडं आधी उघडण्यासारखं काहीतरी असावं लागतं. दुकान, हॉटेल, देऊळ, कारखाना. सिन्नरमध्ये अनेक पिढ्या विड्या वळणाऱ्या बायका आहेत. काम घरात. तेंदूपत्ता आणि तंबाखू घरी आणायचा, सुपात घेऊन वळायचा, हजारी हिशेबानं मजुरी. त्यांच्या कामाला ना गेट आहे, ना शटर. ‘घरातच रहा’ हा आदेश त्यांच्या बाबतीत वरवर पाहता काहीच बदलत नाही!

पण साखळीचं टोक दुसरीकडं असतं. १५ एप्रिल २०२० च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनी तंबाखूच्या विक्रीवर कडक बंदी सांगितली. पुढच्या निर्बंधांत पानटपरी काही अत्यावश्यक नव्हती. टपरी बंद म्हणजे विडीला उठाव नाही, उठाव नाही म्हणजे कच्चा माल कमी, म्हणजे घरातलं सूप रिकामं. ज्या आदेशामुळं काम गेलं त्यात तिचं नाव नाही, आणि ज्या आदेशानं परत यायला हवं त्यातही नाही. तंबाखूबंदी आरोग्याच्या दृष्टीनं बरोबर की चूक हा वेगळा वाद आहे, आणि तो करायलाही हवा. पण तिची मजुरी गेली ही नोंद त्या वादाच्या आधी व्हायला हवी.

आता बघा, आपण वापरतो ती साधनं तिला पाहू शकतात का. ऑक्सफर्डचा निर्बंध निर्देशांक ० ते १०० मध्ये सरकारी निर्बंधांची तीव्रता सांगतो. शाळा, कामाची ठिकाणं, गर्दी, प्रवास अशा घटकांवरून. पानटपरी त्यात येत नाही. गुगलचे मोबिलिटी अहवाल भारतात जिल्ह्यापर्यंत मिळायचे. ३ जानेवारी ते ६ फेब्रुवारी २०२० हा पाया धरून लोकांची ये-जा किती घटली ते सांगायचे, आणि तीही ज्यांच्या फोनवर स्थळाची नोंद चालू आहे त्यांचीच. विडी वळणारी बाई कामावर असतानाही घरात असते आणि काम गेलं तरी घरातच असते. तिचा स्मार्टफोन असलाच, तरी आलेखातली रेष सपाट राहणार. म्हणजे आकडेवारीनुसार तिच्यावर टाळेबंदीचा परिणाम शून्य!

इथं येऊन ‘जीव की पोट’ हा साचा पूर्ण तुटतो. त्या साच्यात तिचं पोट धरलेलंच नाही. तीच गोष्ट थोड्या वेगळ्या रीतीनं एमआयडीसीतल्या कामगाराची. जनरल शिफ्ट संध्याकाळी सुटते आणि दुकान दुपारी चारला बंद. कारखाना ‘चालू’, दुकान ‘चालू’, दोन्ही रकान्यांत बरोबरची खूण, आणि तरी त्याला आठवडाभर सामान घेता येत नाही. दोन परवानग्यांच्या वेळा एकमेकींना भेटत नाहीत, हे एकेका परवानगीकडं बघून दिसणार नाही. घरातला दिवस मांडला तरच दिसेल.

मग विषय घ्यायचा का?

घ्या. फक्त संशोधन समितीपुढं जाण्याआधी एका कोऱ्या कागदावर चार गोष्टी लिहा. मी वापरणार असलेल्या प्रत्येक आकड्याचा छेद काय आणि तो कुणी ठरवला. माझं एकक कोणतं आणि त्याच्या सरासरीत कोण झाकलं जातंय. माझ्या काळात व्याख्या किंवा नियम कोणत्या तारखांना बदलले. आणि माझ्या साधनांना कोण दिसतच नाही.

कागदपत्रं आत्ताच गोळा करायला लागा. राज्याचे आदेश सापडतात, पण जिल्हाधिकाऱ्यांचे त्या त्या आठवड्याचे आदेश, ग्रामपंचायतीनं स्वतःहून पाळलेल्या बंदचे ठराव, बाजार समितीतल्या आवकेच्या नोंदी, ठेकेदाराकडच्या वह्या या गोष्टी झपाट्यानं नाहीशा होतात. मे २०२१ मध्ये नाशिक जिल्ह्यात बारा दिवसांची कडक टाळेबंदी होती आणि बाजार समित्याही बंद होत्या. त्या दिवसांतला कांदा कुठं गेला, किती चाळीत राहिला, किती खराब झाला, हे आज शेतकऱ्याला आठवतंय. तुमची पीएच.डी. नोंदणी होईपर्यंत आठवेलच असं नाही.

आणि मुलाखतीला जाल तेव्हा ‘टाळेबंदीचा तुमच्यावर काय परिणाम झाला’ असं विचारू नका. त्याचं उत्तर सगळ्यांना पाठ आहे : ‘लई हाल झाले.’ त्याऐवजी जून २०२१ मधला एक सोमवार घ्या आणि विचारा, त्या दिवशी पानं आणायला गेला होतात का, किती मिळाली, कुणी दिली, मजुरी कधी हातात पडली. एका दिवसाचा हिशेब नीट लिहून घेतलात, तर ‘चिकित्सक’ हा शब्द शीर्षकात ठेवायला हरकत नाही.